उसनं हसू

बसथांब्याच्या बाकावर आपल्याशिवाय कोणी नाही, अशी डेल्फा हॉर्नबीची पक्की समजूत होती. म्हणूनच ती कोंबडी झाली होती.

साधीसुधी कोंबडी नव्हे. शेजारणीशी कडाकडा भांडून आलेली, तावातावाने गाऱ्हाणं सांगणारी, आणि सांगता सांगता मधेच अंडं द्यायची आठवण झालेली! निलगिरीच्या सावलीत डोळे मिटून डेल्फा मान पुढे-मागे करत होती. तिचा आवाज चढत चढत अगदी वरच्या पट्टीत जाऊन पोचला... आणि तेवढ्यात पाठीमागून काहीतरी ऐकू आलं.

आधी श्वास आत ओढल्याचा आवाज. मग एक उचकी. पुन्हा श्वास. आणि शेवटी, तेल न घातलेली बिजागरी करकरावी तसा एक लांबलचक, वर वर चढत जाणारा सूर.

ती गर्रकन वळली. त्या बाकाला पाठ लावून पलीकडे दुसरा बाक होता. त्यावर एक तरुण माणूस वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसला होता. दिसत होते ते फक्त त्याचे कान. लालबुंद.

"माफ करा," वर्तमानपत्र म्हणालं. "मी ऐकत नव्हतो."

"मग हसलात कशाला?"

"ऐकू आलं. ऐकणं आणि ऐकू येणं यात फरक आहे."

"शिक्षक दिसताय."

वर्तमानपत्र जरासं खाली आलं. वर दोन तपकिरी, गोंधळलेले डोळे. "कशावरून?"

"चूक तुमची, आणि धडा मला!"

आता पेपर पार खाली आला. तो हसला, पण ओठ घट्ट मिटून. जणू तोंडात काही सांडेल अशी भीती होती. "एमरी व्हिटलॉक. सहावीला गणित शिकवतो. आणि तुम्ही... कोंबडी?"

"गुरुवारपर्यंत. शुक्रवारी खारीचं काम आहे."

बस आली, थांबली, आणि निघून गेली. दोघांनाही ती दिसली नाही.

डेल्फा कॅन्ससच्या एका शेतावरून लॉस एंजेलिसला आली होती ती रेडिओवर नायिका व्हायला. पण रेडिओवाल्यांना तिचा आवाज पातळ वाटला. मग एका कार्टूनच्या स्टुडिओत तिची वर्णी लागली. बुटकी असल्यामुळे लाकडी खोक्यावर उभं राहून ती मायक्रोफोनपुढे कोंबड्या, खारी, रडकी बाळं आणि चिडक्या म्हाताऱ्या व्हायची. पडद्यावर तिचं नाव यायचं नाही. तिची आई गावात सांगायची, "आमची डेल्फा ऑफिसात असते." सुट्टीत घरी गेली की डेल्फाही मान खाली घालून तेच सांगायची.

एमरीला मात्र तिच्या कामाचं भारी कौतुक. शाळा सुटली की तो कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात येऊन बसायचा, आणि ती स्टुडिओतून धावत यायची. एकाच उंच पेल्यातला आइस्क्रीम सोडा, दोन नळ्या, आणि मधे दोघांची नाकं.

"आज कोण होतात?"

"ओळखा."

"डोळे सुजलेत. म्हणजे रडकं बाळ."

"चूक. कांदा सोलणारी उंदरीण."

"म्हणजे अर्धे गुण द्या की! रडलात तर खरं."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. बहुधा जॅकरंडाच्या झाडांनी सगळा फुटपाथ जांभळा करून टाकला होता त्या दिवसांत. तिच्या केसांत अडकलेलं फूल काढायला त्याने हात पुढे केला, आणि तो हात जरा जास्तच वेळ तिथे राहिला...

त्याच आठवड्यात तिने विचारलं, "एमरी, तू असा तोंड मिटून का हसतोस? बाकावर तर केवढा हसला होतास!"

तो चमच्याशी खेळत म्हणाला, "शाळेत मला गाढव म्हणायचे. मी हसलो की अख्खा वर्ग रेकायचा. घरी जेवताना एकदा हसलो, तर बाबा म्हणाले, तबेल्यात जाऊन हस. मग मी आरशापुढे उभा राहून ओठ मिटायला शिकलो. आता सवय झालीय. त्या दिवशी... निसटलं."

"मला आवडलं ते."

"खोटं."

"शप्पथ! मला तर पुन्हा ऐकायचंय."

आणि मग तिने उंदरीण केली, कांद्यासकट. तो हसला. श्वास, उचकी, श्वास, आणि ती करकरणारी बिजागरी. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली, तसा त्याने तोंडावर हात घेतला. डेल्फाने तो हात अलगद बाजूला केला.

"तुझ्यापुढे हसायला भीती वाटत नाही," तो म्हणाला. "बाकी कुणापुढे... नको."

"माझ्याजवळ राहील," ती म्हणाली. आणि त्या क्षणी ते अगदी खरं होतं.

थोड्याच दिवसांनी स्टुडिओत नवं पात्र आलं. हायरम नावाचं शिंगरू, म्हणजे गाढवाचं अवखळ पोर. पहिल्यांदाच मुख्य पात्र डेल्फाच्या वाट्याला आलं होतं. संवाद झकास झाले. पण हायरम शेवटी पोट धरून हसतो, आणि ते हसू काही जमेना.

काचेपलीकडे दिग्दर्शक गॅरिटी सिगार चावत बसला होता. "हे हसू नाही, ही दातदुखी आहे. पुन्हा."

पुन्हा झालं.

"ही तर माझी सासू. पुन्हा!"

सकाळची दुपार झाली. डेल्फाचा घसा सोलवटून निघाला. शेवटी गॅरिटीने टोपी डोक्यावर चढवली. "राहू दे, पोरी. उद्या दुसरीला बोलावतो. तुझ्या कोंबड्या छान असतात. त्याच करत जा."

"एकदा," डेल्फा म्हणाली. "फक्त एकदा अजून."

पुढे तिने स्वतःला पुष्कळ समजावून पाहिलं की ते नकळत झालं. पण नकळत काहीच झालं नव्हतं. श्वास आत ओढताना तिने डोळे मिटले होते, आणि मिटलेल्या डोळ्यांपुढे एमरी होता. श्वास, उचकी, श्वास... आणि मग ती लांबलचक, वर वर जाणारी बिजागरी.

काचेपलीकडे गॅरिटीच्या तोंडातून सिगार गळून पडला. ध्वनिमुद्रण करणारा माणूस टेबलावर डोकं ठेवून गदगदत होता.

"कुठून आणलंस हे?" डोळे पुसत गॅरिटीने विचारलं.

"असंच," डेल्फा म्हणाली. "सुचलं."

हे म्हणताना तिचे कान इतके तापले, की तिने टोपी खाली ओढून घेतली.

कार्टूनमध्ये आवाज आधी आणि चित्रं मागाहून. त्यामुळे पुढचे कितीतरी महिने ते हसू स्टुडिओत जिकडेतिकडे पसरत राहिलं. चित्रकार आरशात बघून तोंड वेंगाडायचे आणि कागदावर हायरमचा जबडा काढायचे. डेल्फाची मैत्रीण इनेझ रंगकामाच्या दालनात होती. दोघी एकाच खोलीत राहायच्या. इनेझ रोज नवी बातमी आणायची.

"हसताना तुझ्या गाढवाचा एक कान पडतो गं! इतका गोड! आणि हसून झालं की ते खुरांनी तोंड झाकतं."

"तोंड... झाकतं?"

"लाजतं ना! गॅरिटी म्हणाला, या हसण्यातच लाज आहे."

डेल्फा दुसऱ्याच दिवशी गॅरिटीकडे गेली. "मला ते हसू बदलायचंय. याहून चांगलं करून देईन."

"वेड लागलंय? अख्खं तोंड त्या हसण्यावर बेतलंय. आता देवाने येऊन सांगितलं तरी बदलायचं नाही."

मग उरलं होतं ते एमरीला सांगणं. तिने ठरवलं. रविवारी सांता मोनिकाच्या वाळूत दोघं बसले होते. वारा गार होता, एमरीने आपला कोट तिच्या खांद्यांवर टाकला.

"एमरी, मला तुला काहीतरी..."

"मलाही," तो म्हणाला. "आधी मी. नाहीतर धीर सुटेल." त्याने समुद्राकडे बघत एका दमात सांगून टाकलं. "लहानपणापासून मला वाटायचं, मी कुणाच्याही घरात आवाज न करता राहायला हवं. तुझ्याबरोबर तसं वाटत नाही. माझं तुझ्यावर प्रेम आहे, डेल्फा. झालं. आता तुझं सांग."

लाट आली आणि परत गेली.

"माझंही... तेच होतं," डेल्फा म्हणाली.

त्याने तिच्या केसांवर ओठ टेकले. तिने डोळे मिटून घेतले. इतकं सुख होतं, आणि त्यातला घासभरही तिच्या घशाखाली उतरत नव्हता.

"सांगून मोकळी हो," इनेझ घरी तिच्यावर उखडली. "दोन दिवस फुगेल, मग येईल."

"तू त्याला ओळखत नाहीस."

"बरं. तू ओळखतेस ना? मग ओळखून केलंस, आणि ओळखून गप्प बसलीयेस. हे जास्त वाईट आहे, बाई."

डेल्फाने उशीत तोंड लपवलं. उद्या सांगू, असं तिने ठरवलं. प्रत्येक उद्या तिने हेच ठरवलं.

एका शनिवारी दुपारी एमरी तिला म्हणाला, "चल, तुला एक गंमत दाखवतो." तो तिला सिनेमागृहात घेऊन गेला. पुढच्या रांगांमध्ये त्याची सगळी सहावी मक्याच्या लाह्या उडवत बसली होती.

"आज तुझा हायरम आहे ना? पेपरात वाचलं," तो आनंदाने कुजबुजला. "मुलांना सांगितलंय, माझी मैत्रीण पडद्यामागून बोलते. केव्हाची वाट बघताहेत!"

"एमरी, बाहेर चल. आत्ता. मला बोलायचंय तुझ्याशी."

"आत्ता? श्शू... सुरू झालं!"

तिने त्याची बाही घट्ट धरली. पडद्यावर शिंगरू उड्या मारत आलं, कुंपणात अडकलं, शेतकऱ्याच्या पँटचा तुकडा घेऊन पळालं. मुलं खिदळत होती. एमरी ओठ मिटून हसत होता, तिच्याकडे अभिमानाने बघत होता. आणि मग हायरमने पोट धरलं, मान मागे टाकली...

श्वास. उचकी. श्वास.

तिच्या मुठीतली बाही एकदम ताठ झाली. सगळं सिनेमागृह खो खो हसत होतं. पडद्यावरचं शिंगरू खुरांनी तोंड झाकत होतं. एमरी पुढेच बघत राहिला. पडद्याचा उजेड त्याच्या चेहऱ्यावर हलत होता, चेहरा मात्र जागचा हलला नाही.

बाहेर उन्हात मुलं फुटपाथभर रेकत सुटली होती. उचक्या, किंकाळ्या, नुसता धुडगूस. लुएला नावाची दोन वेण्यांची मुलगी धावत आली. "सर, सर, तुम्ही करून दाखवा ना!"

"मला नाही येत," एमरी म्हणाला.

मग तो डेल्फाकडे वळला. आवाज अगदी सौम्य होता. "छान झालंय काम. मुलांना फार आवडलं. तुम्ही मेहनत घेतलीत, मिस हॉर्नबी."

तुम्ही.

त्यापेक्षा त्याने भर रस्त्यात थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

हायरम गाजला. स्टुडिओने आणखी चित्रपट आखले. गॅरिटीने तिला बोलावून सांगितलं, "या वेळी पडद्यावर तुझं नाव टाकतो. आजवर इथे कुणाचं टाकलं नाही."

"मी हायरम करणार नाही."

"का?"

"ते हसू माझं नाही."

"तुझं नाहीच. स्टुडिओचं आहे. तू नाही तर दुसरी हसेल."

आणि खरंच दुसरी हसली. हुबेहूब नाही, पण कुणाच्या लक्षातही आलं नाही. डेल्फा पुन्हा कोंबड्यांकडे गेली. दुरुस्त मात्र काहीच झालं नाही. रस्त्यात, बसमध्ये, किराणा दुकानात पोरं हायरमसारखी हसत होती, आणि प्रत्येक वेळी डेल्फा मान वळवून दुसरीकडे बघायची. एमरीच्या घराखाली ती दोनदा गेली. दोन्ही वेळा घंटी न वाजवताच परतली. काय सांगणार होती? मला तुझं हसू इतकं आवडायचं, की...? ती सबब तिची तिलाच ऐकवेना.

मग फेब्रुवारीतल्या एका भुरभुरत्या दुपारी स्टुडिओच्या फाटकाशी एमरी उभा दिसला. डोक्यावर छत्री नव्हती. ती त्याच्यासमोर जाऊन थांबली.

"काल वर्गात पृथ्वीचा गोल टेबलावरून पडला," तो म्हणाला. "आणि घरंगळत दाराबाहेर गेला. नेमके मुख्याध्यापक समोरून येत होते. त्यांनी तो असा पायाने अडवला... मला हसू आलं. निसटलं."

"मग?"

"मुलांनी टाळ्या वाजवल्या. म्हणाली, सर, अगदी हायरम! काय छान नक्कल करता!" त्याने ओल्या केसांवरून हात फिरवला. "माझ्याच हसण्याची मी नक्कल करतो, असं झालंय. लहानपणी निदान ते माझं तरी होतं."

फाटकातून बाहेर पडणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती.

"मग मी त्यांना खरं काय ते सांगितलं," तो म्हणाला. "तर लुएलाने विचारलं, 'त्या बाईंनी तुम्हाला विचारलं होतं का?' आणि मला बोलता येईना. नाही म्हटलं असतं तर सगळी तुमच्यावर तुटून पडली असती. आणि... ते मला बघवलं नसतं. म्हणून आलो. त्यांना काय सांगू?"

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला. हसू घेतल्याचा कमी. आपण वाळूत बसलो होतो, मी एवढं बोललो, आणि तेव्हा तुम्हाला सगळं ठाऊक होतं. त्याचा जास्त."

"हो," डेल्फा म्हणाली. "ठाऊक होतं." एवढंच. पुढे 'पण' लावायचा मोह झाला, तो तिने गिळला. "मुलांना मीच येऊन सांगते. तुमची हरकत नसेल तर."

"गणिताचा तास दुपारी असतो," तो म्हणाला.

वर्गापुढे उभं राहायला खोकं नव्हतं. मायक्रोफोन नव्हता, काच नव्हती. ती आत येताच मुलांनी गलका केला, "हायरम! हायरम करा!"

"नाही," डेल्फा म्हणाली. स्वतःचाच पातळ, साधा आवाज तिला अनोळखी वाटला. "हायरमचं हसू मिस्टर व्हिटलॉक यांचं आहे. त्यांनी ते मला दिलं नव्हतं. मी घेतलं. न विचारता."

लुएलाने हात वर केला. "त्यांना वाईट वाटेल, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"तरी घेतलं?"

"तरी."

"का?"

"मला मोठं काम हवं होतं. आणि नंतर सांगायची हिंमत झाली नाही. तेव्हापासून मला लाज वाटते. रोज."

एमरी फळ्याला टेकून उभा होता. नजर जमिनीवर.

लुएलाने खूप विचार केला. मग म्हणाली, "मी खिडकी फोडली होती आणि धाकट्या भावाचं नाव सांगितलं होतं. मला पण अजून वाटते."

"मी हिचं सँडविच खाल्लं होतं," मागून एक आवाज आला.

"तू होतास? मी मांजराला ओरडले होते!"

बघता बघता अर्धा वर्ग आपापल्या चुका एकमेकांच्या अंगावर टाकायला लागला. एमरीला टेबलावर पट्टी आपटावी लागली. गोंगाट थांबला, तेवढ्यात लुएलाचा हात पुन्हा वर.

"सर, या बाई तुमच्या कोण?"

एमरीचे कान लाल झाले. त्याने फळ्याकडे तोंड फिरवलं, खडू उचलला, काहीही न लिहिता परत ठेवला.

"ते उदाहरण अजून सुटलेलं नाही," तो म्हणाला. "चला, वह्या काढा. अपूर्णांक!"

डेल्फा बाहेर आली. व्हरांड्यात ती भिंतीला टेकली. मागून दार वाजलं.

"डेल्फा."

ती वळली.

"मला वेळ लागेल," एमरी म्हणाला. "हसायला. तुझ्यापुढेसुद्धा. कदाचित तुझ्यापुढेच जास्त."

"मला घाई नाही."

"आणि मी सारखा विचारीन. आठवण झाली की टोचून बोलेन. मी काही संत नाही."

"बोल. मी ऐकेन. एमरी, त्या दिवशी वाळूत मी 'माझंही तेच' म्हटलं होतं ना... ते सगळंच खोटं नव्हतं. ते मला नीट सांगायचंय. मी तुझ्यावर प्रेम करते. पण आज हे म्हणायचा मला हक्क आहे की नाही, कळत नाही."

"मलाही कळत नाही," तो म्हणाला. आणि तरीही त्याने पुढे होऊन तिचा दंड धरला. घट्ट, क्षणभरच, पडता पडता माणूस कठडा धरतो तसा. "शनिवारी ये. नुसतं चालू. बोलायलाच हवं असं नाही."

आतून कुणीतरी ओरडलं, "सर, छेद सारखे नाहीत!" आणि तो गेला.

परतीच्या बसमध्ये डेल्फा खिडकीशी बसली. पाऊस थांबला होता. लाज गेली नव्हती. ती छातीत तशीच होती, आणि डेल्फाला वाटलं, राहू दे, हिला मी ओळखते. शेजारच्या म्हाताऱ्या बाई तिच्या निळ्या कोटाकडे बघत वाकल्या.

"अगं मुली, बाहीला पांढरं काहीतरी लागलंय बघ. खडू दिसतोय. झटक."

डेल्फाने खाली पाहिलं. दंडावर त्याची बोटं स्पष्ट उमटली होती.

"हो, माहीत आहे," ती म्हणाली. आणि बाहीला धक्का लागू नये म्हणून जरा खिडकीकडे सरकून बसली.